गंगा उलटीकडे का जाते?

आज नाशिकच्या होळकर पुलावर गाडी अडकली. शेजारी आठवीतला भाचा, खाली गंगा, म्हणजे आमची गोदावरी. सहज विचारलं, "ही कुठल्या समुद्राला मिळते रे?" "अरबी." मोबाइलमधून मानही वर नाही!

गोदाकाठी वाढलेलं पोरगं, भूगोलात चांगले मार्क, आणि हे उत्तर. जाम ओरडले त्याला. अख्ख्या पिढीला नकाशा म्हणजे निळा ठिपका आणि "दोनशे मीटरवर डावीकडे वळा". उत्तर दिशा कुठे, उतार कुठे, पाणी कुठून येतं, कशाचा पत्ता नाही. आईला घेऊन रात्री दोनला हॉस्पिटल शोधताना त्याच ठिपक्याने पोचवलं, मान्य. पण आपण राहतो ती जमीन कशी आहे हे तो सांगत नाही.

आमच्या अण्णांनी मला सहावीत ब्रह्मगिरीवर नेलं होतं. एसटीने त्र्यंबक, मग पायऱ्या. पिशवीत जिल्ह्याचा नकाशा, कापडावर चिकटवलेला, घड्यांवर विरलेला. वारा सुटलेला, म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड. आधी तो फिरवून उत्तर जुळवली, मग बोट ठेवलं: इकडचं पाणी गोदावरीचं, १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागरात. तिकडचं वैतरणेचं, ते अरबी समुद्रात. एकाच डोंगरावरचा पाऊस!

घरी आल्यावर गावही तसंच दिसायला लागलं. 'नाशिक नव टेकांवर वसविले' म्हणतात, ती टेकं, म्हणजे टेकड्या, चढताना पायांना कळायची. सराफ बाजारातल्या आमच्या घरात पाणी का शिरतं, तर खालून सरस्वती नाला जातो. पूर आला की आजही आपण आकडे विचारत नाही, नदीकाठच्या मूर्तीवरूनच मोजतो: "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" एवढंच विचारतो.

हे लिहिताना आत्ता आठवलं. त्या दिवशी अण्णांनी मलाही हेच विचारलं होतं, आणि मीही "अरबी" म्हणाले होते. नकाशावर तोच जवळ दिसतो, त्र्यंबकपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. अण्णा ओरडले नाहीत. म्हणाले, "बरोबर विचार केलास. मग पाणी तिकडे का जात नाही?" आणि कड्याशी नेऊन दाखवलं. पश्चिमेला सह्याद्री कोकणात एकदम तुटतो, पठार मात्र पूर्वेकडे उतरत जातं.

पोराला मी ते "मग का नाही?" विचारलंच नाही.

रविवारी पहिल्या एसटीने त्याला घेऊन जाते आहे. अण्णांचा नकाशा २००८ च्या पुरात गेला. कुणाकडे जिल्ह्याचा जुना, मोठा नकाशा असेल तर दोन दिवसांसाठी द्याल का? जपून वापरेन, दगड मी वर शोधेन.