हेतूविषयीच्या तर्काबाबत: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला मुख्य आक्षेप असा आहे, की नाल्यात लहान मुलाचा मृतदेह सापडल्यानंतर मी लेख लिहिला, पण हे कृत्य कशासाठी झाले असावे याविषयी अवाक्षर काढले नाही. शेजारच्या वावरात कुंकू लावलेले दगड आणि दहीभात दिसला असताना नरबळीची शक्यता टाळणे म्हणजे कुणाला तरी पाठीशी घालणे होय, असे आपले म्हणणे आहे.

आधी त्या दगडांविषयी. कपाशीच्या पहिल्या वेच्याआधी आपल्याकडे सीतादही करतात, म्हणजे शेतात दगडांना कुंकू लावून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, हे आपणांस ठाऊक आहेच. सध्या वेचणीचेच दिवस असल्याने असे दगड आणि असा दहीभात तालुक्यातल्या कितीतरी धुऱ्यांवर सापडेल. पंचनाम्यात त्यांची नोंद अवश्य व्हावी, मात्र त्यावरून थेट नरबळीपर्यंत जाण्याची घाई मला मान्य नाही. नरबळी ही निव्वळ दंतकथा आहे, असेही मी म्हणत नाही. तसे असते तर महाराष्ट्राला 2013 साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला नसता.

अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला, त्याअर्थी मुले पळवणारी टोळी फिरत असणार, हा आपला दुसरा तर्क. अल्पवयीन मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली, की प्रथम अपहरण गृहीत धरूनच गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले आहे. त्यामुळे ते कलम पाहून पोलिसांना टोळीचा सुगावा लागला असे समजणे चूक आहे. अशाच टोळीच्या अफवेवर विसंबून 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच जणांना ठेचून मारले होते.

नागपुरात 2014 साली आठ वर्षांच्या मुलाचे अपहरण करून खून करण्यात आला, त्या खटल्यात दोषी ठरलेल्यांपैकी एक जण मुलाच्या वडिलांच्याच दवाखान्यात पूर्वी कामाला होता, आणि मनातला डूख व खंडणीचा लोभ असे दुहेरी कारण पुढे आले. पानठेल्यावरच्या चर्चेत बोट नेहमी परक्याकडे, बुवाकडे किंवा फिरस्त्याकडे वळते, कारण ओळखीच्या माणसावर संशय घेणे गावाला जड जाते. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत तर आरोपी बहुतांशी मुलाच्या परिचयातलाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदी वर्षानुवर्षे दाखवीत आल्या आहेत.

हेतूला महत्त्व नाही, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार असेल तर हेतू सिद्ध झाला नाही म्हणून खटला कोसळत नाही. परंतु सारी भिस्त परिस्थितीजन्य पुराव्यावर असते तेव्हा हेतू हा साखळीतला महत्त्वाचा दुवा ठरतो. म्हणूनच तो गावगप्पांत मळू नये असे मला वाटते. समजा, एखाद्याने तिन्हीसांजेला नाल्याकडून येणारा माणूस पाहिला. आठ दिवस 'बुवाचेच काम' असे ऐकल्यावर त्याच्या आठवणीतल्या त्या माणसाला दाढी फुटते, खांद्यावर झोळी येते, आणि पुढे उलटतपासणीत वकील एवढेच विचारतो, की पहिल्या जबाबात दाढी का नव्हती? साक्षीदार प्रामाणिक असूनही तिथेच निकामी होतो.

आपल्या प्रतिक्रियेतून मी दोन गोष्टी वगळल्या आहेत. एक, मुलाचे आणि भाऊबंदकीत ज्यांच्यावर आपला संशय आहे त्या कुटुंबाचे नाव. दुसरी, शेवटून तिसऱ्या ओळीतली, जी आपण जाता जाता लिहिली आहे: त्या सायंकाळी आपल्या नजरेस पडलेली एक गोष्ट. आपल्या साऱ्या मजकुरात स्वतः पाहिलेले असे तेवढेच आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. ठाणेदारांकडे जाऊन आपण तेवढाच जबाब द्यावा, त्यात नरबळी किंवा जमिनीचा वाद आणू नये. पोलीस पाटलांना सोबत नेण्यास संकोच वाटत असेल तर मी येईन. जबाब नोंदवला जाईपर्यंत ती ओळ मी येथे प्रसिद्ध करणार नाही, आणि आपणही ती कुठल्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये, ही विनंती.