सुपर नेपिअर लावा, पण पेंड बंद करू नका

आठवडाभरात तोच संदेश तिघांनी पाठवला. मग मामांचा फोन आला. ‘गवतातच अठरा टक्के प्रथिनं आहेत, म्हणून पेंड बंद केली. पण गाय दुधाला कमी आली रे.’ तेव्हा राहवेना.

संदेश असा: सुपर नेपिअर या चाऱ्याच्या गवतात 18 टक्के प्रथिने, पेंड नको, जितके उंच वाढेल तितके चांगले, खत लागत नाही, बियाणे घरपोच मिळेल.

18 टक्के हा आकडा कोरड्या वजनावरचा आहे आणि तोही भरपूर नत्र मिळालेल्या, कोवळ्या, पानाळ फुटव्यांचा. संदेशातला फोटो मात्र माणूस बुडेल अशा गवताचा! इतक्या जून गवतात सात टक्के मिळाले तरी खूप. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा (एफएओ) सहभाग असलेल्या फीडीपीडिया या पशुखाद्याच्या संकेतस्थळावर हत्ती गवताची, म्हणजे नेपिअरची, माहिती वाचा: वय वाढते तशी प्रथिने घटतात, तंतू वाढतात. म्हणजे प्रथिनांचा आणि उंचीचा हे दोन दावे एकमेकांनाच खोडतात.

आता हिशेब करा. तीस किलो हिरव्या वैरणीत ढोबळमानाने 24 किलो पाणीच असते. उरलेल्या सहा किलोत 18 टक्क्यांनी 1080 ग्रॅम प्रथिने होतात, सात टक्क्यांनी 420. दहा लिटर दुधातून सव्वातीनशे ग्रॅम बाहेर जातात, आणि खाल्लेले सगळे काही पचत नाही. गाईने स्वतःचे शरीर कशावर चालवायचे? त्यात प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की कोटीपोटातले (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू मंदावतात, चारा पोटात रेंगाळतो आणि गाय खातेही कमी. दावण भरलेली दिसते, गाय मात्र अर्धपोटी राहते. मामांकडे हेच झाले.

खताचा दावा तर डोळ्यांदेखत खोटा आहे. शंभर टन हिरवा चारा म्हणजे साधारण वीस टन कोरडा. त्यात आठ टक्के प्रथिने धरली तरी सुमारे 256 किलो नत्र जमिनीतून उचलले जाते, साडेपाच क्विंटल युरियात असते तेवढे. शेणखत परत घातले तर त्यातले काही भरून निघते, सगळे नाही.

बियाण्याचे तर बोलायलाच नको. हे नेपिअर आणि बाजरीचे त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेले) संकरित गवत आहे, त्याला उगवणारे बी धरत नाही. लावायच्या त्या डोळे असलेल्या कांड्या किंवा ठोंब.

एक मान्य करतो, नाइलाजाने: एकदा लावले की ते वर्षानुवर्षे फुटते, आणि एवढा चारा देणारी गवते थोडीच. म्हणून मामांना गवत काढायला सांगितले नाही. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी करा, पुढे दर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. बुडखा चार-सहा बोटे ठेवा. कुट्टीत लसूणघास किंवा चवळी मिसळा. या गवतातले ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून खनिज मिश्रण चुकवू नका. आणि पेंड आज संध्याकाळपासूनच थोडी थोडी वाढवत पूर्ववत करा.