पेलेट स्टोव्हला चिमणी लागत नाही म्हणे!

थंडी जवळ आली की न्यू जर्सीपासून मिनेसोटापर्यंतच्या आपल्या मंडळींत पेलेट स्टोव्हबद्दल, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या (पेलेट) जाळणाऱ्या शेगडीबद्दल, एक मेसेज फिरू लागतो. "पेलेट स्टोव्हला चिमणी लागत नाही. बेसमेंटमध्ये ठेवा, खिडकीची काच काढून पत्रा बसवा आणि कुठलाही तीन इंची पाइप आडवा बाहेर काढा. धूर होतच नाही. स्टोव्हसाठी बाहेरची हवा आत आणायचा खर्च वाया. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म लावा आणि निवांत झोपा." प्रोपेनचं बिल पाहून डोळे पांढरे झालेल्या माणसाला हे लगेच पटतं. यातलं विटांची चिमणी लागत नाही एवढंच खरं आहे.

"धूर होतच नाही." कमी होतो, इतकंच. मे २०२० पासूनच्या अमेरिकी नियमातही अशा स्टोव्हला तासाला २ ग्रॅमपर्यंत कण सोडायची मुभा आहे. आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसतही नाही, त्याला वासही नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने आपल्याकडे किती जीव घेतले, हे वेगळं सांगायला नको.

"कुठलाही तीन इंची पाइप." इथे स्टोव्हची मूळ रचनाच विसरली जाते. लाकडाच्या शेगडीची चिमणी धूर वर ओढते, त्यामुळे सांध्यात फट असली तर बहुधा खोलीतली हवाच पाइपात शिरते. पेलेट स्टोव्हचा पंखा धूर ढकलतो. पाइपमध्ये दाब असतो आणि प्रत्येक फटीतून वायू खोलीत येतो. म्हणून एल किंवा पीएल प्रकारचा, पेलेटसाठी प्रमाणित पाइपच हवा, आणि कंपनी सांगेल तिथे सांधे जास्त तापमानाच्या सिलिकॉनने बंद केलेले. ड्रायरचा पाइप किंवा गॅस उपकरणांच्या धुराचा पाइप (बी-व्हेंट) चालत नाही.

तीन इंच पुरतील की नाही, हेही मोजावं लागतं. बहुतेक मॅन्युअलमध्ये हिशेब असा असतो: टी (तीन तोंडांचा जोड) किंवा ९० अंशांचा एल्बो (वळणाचा जोड) म्हणजे ५ फूट, आडवा एक फूट म्हणजे १, उभा एक फूट म्हणजे अर्धा. एक टी, ५ फूट उभा, एक एल्बो, २ फूट आडवा: बेरीज साडेचौदा. तीन इंची पाइपची मर्यादा साधारण १५ची. वाटेतला बीम चुकवायला अजून एक एल्बो घातला की साडेएकोणीस, म्हणजे चार इंची पाइप घ्या.

"खिडकीतून आडवा काढा." बेसमेंटची खिडकी बहुधा जमिनीलगत असते, नाहीतर विहिरीसारख्या खड्ड्यात. धुराचं तोंड जमिनीपासून किमान १२ इंच वर हवं, बर्फाच्या भागात साचणाऱ्या बर्फाच्याही वर. उघडणाऱ्या दारा-खिडकीपासून बाजूला किंवा खाली असेल तर ४ फूट लांब. एका वादळात खड्डा बर्फाने भरला की पाइपचं तोंड बंद.

त्याच वादळात वीजही जाते. पंखा थांबतो, पेलेट टाकणारा ऑगरही थांबतो, पण स्टोव्हच्या जळणाच्या भांड्यातले पेलेट काही वेळ धुमसत राहतात. पूर्ण आडव्या पाइपमध्ये धुराला वर ओढणारं काहीच नसतं, तो खोलीत परततो. आत चार-पाच फूट उभा पाइप असेल तर गरम धूर आपोआप वर चढतो. त्यासाठीच आधी वर, मग बाहेर. खाली साफसफाईची टी हवी, कारण राख तिथेच साचते. बॅटरी बॅकअप घ्या जरूर, पण उभ्या पाइपला तो पर्याय नाही.

"बाहेरची हवा नको." मला सगळ्यात घातक वाटतो तो हाच सल्ला. हिवाळ्यात गरम हवा वरच्या मजल्यांतून निसटते आणि तिची जागा भरायला घर तळातून हवा ओढतं. म्हणजे बेसमेंटमध्ये दाब आधीच कमी. त्यात ड्रायर चालू, वर फोडणीसाठी हूड फुल स्पीडवर, आणि आता स्टोव्हही खोलीचीच हवा खाणार. अशा वेळी शेजारच्या साध्या गॅस वॉटर हीटरचा धूर उलटा फिरू शकतो, म्हणजे दोष स्टोव्हचा आणि वायू हीटरचा. सगळे पंखे आणि ड्रायर चालू करा, दारं-खिडक्या बंद करा, हीटर पेटून काही मिनिटं झाली की त्याच्या वरच्या झाकणापाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर फेकला गेला तर हीटर बंद करून तंत्रज्ञाला बोलवा. स्टोव्हला बाहेरची हवा धातूच्या नळीने द्या, प्लास्टिकच्या नाही. वॉशिंग्टन राज्यात आणि मोबाइल होममध्ये (कारखान्यात बांधून आणलेल्या घरात) तर ती सक्तीचीच आहे.

"अलार्म आहे ना!" तो लावायलाच हवा, बेसमेंटमध्ये आणि झोपायच्या खोल्यांबाहेरही. पण अमेरिकी मानकाप्रमाणे ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू) तो वाजायला एक ते चार तास लागू शकतात, आणि ३० पीपीएमला महिनाभर गप्प राहावा अशीच त्याची रचना असते. आकडा दाखवणारा घ्या, आणि मागे छापलेली मुदत बघून घ्या.