मुंबईची छायाचित्र प्रदर्शने आणि नाशिकचा प्रेक्षक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुंबईत येत्या काही महिन्यांत पाहता येतील अशा छायाचित्र प्रदर्शनांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : नाशिकमध्ये राहून मुंबईच्या प्रदर्शनांची जंत्री देणे निरुपयोगी आहे, तीच छायाचित्रे मोबाइलवर घरबसल्या फुकट दिसत असताना आख्खा दिवस आणि प्रवासाचे पैसे खर्च करणे ही हौशी लोकांची चैन आहे, आणि नाशिकमध्ये जे होते त्याकडे मी पाठ फिरवली आहे. यांतला शेवटचा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याविषयी पुढे लिहितोच. मात्र मोबाइलचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तो घेतो.

आपण नाशिकच्या सिडकोत राहता आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात पक्ष्यांची छायाचित्रे काढायला जाता, असे आपणच लिहिले आहे. तेव्हा उदाहरण आपल्याच कॅमेऱ्याचे घेऊ. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून निघालेले छायाचित्र म्हणजे ६००० गुणिले ४००० असे २ कोटी ४० लाख बिंदू. नेहमीच्या वापरातल्या मोबाइलचा पडदा साधारण २४०० गुणिले १०८० बिंदूंचा असतो आणि त्यावर ते छायाचित्र पूर्ण बसवले, तर त्याच्या वाट्याला सुमारे साडेसतरा लाख बिंदू येतात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर थंडीत तासन्‌तास बसून आपण जे टिपलेत, त्याचा जेमतेम चौदावा हिस्सा आपल्या मित्रांपर्यंत पोहोचतो. बोटांनी ताणून छायाचित्र मोठे करता येते हे खरे, पण मग एका चक्रवाकाचा डोळा दिसतो आणि थवा पडद्याबाहेर जातो. तेच छायाचित्र इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात छापले, तर २० बाय १३ इंचांची प्रिंट होते. तिच्यासमोर चार पावले मागे उभे राहिले की थवा, त्यामागचे धुके आणि पाण्यावरचा उजेड एकत्र दिसतो आणि दोन पावले पुढे आले की त्याच थव्यातल्या एका पक्ष्याच्या पंखावरची ओल दिसते. हे पुढे-मागे होणे हाच प्रदर्शन पाहण्याचा मुख्य भाग आहे आणि त्यासाठी भिंत लागते, प्रिंट लागते आणि मोकळी जमीन लागते.

दुसरी गोष्ट काळ्या रंगाची आहे. पडदा स्वतः उजेड फेकतो आणि त्याची प्रखरता प्रत्येक जण आपापल्या सोयीने ठेवतो. उन्हात पाहिले तर गडद भाग एकसारखा काळा होतो. कागदावरची प्रिंट खोलीतला उजेड परतवते आणि तिच्यातला काळा किती गहिरा असावा, करडा कोठे सुरू व्हावा, हे छायाचित्रकाराने कागद निवडताना आणि छापताना ठरवलेले असते. डार्करूममध्ये हाताने छापलेली सिल्व्हर जिलेटिन प्रिंट पाहिलीत, तर जिलेटिनच्या थरात बसलेल्या चांदीच्या कणांमुळे त्या काळ्यातही किती पायऱ्या असतात हे लक्षात येईल. कोळशाच्या वखारीत काम करणाऱ्या एका मजुराचे कृष्णधवल छायाचित्र मी मोबाइलवर अनेकदा पाहिले होते आणि त्यात मला त्याचे डोळे आणि खांद्यावरची घामाची रेघ याखेरीज काहीच दिसले नव्हते. मुंबईच्या जहांगीर कलादालनातल्या टेरेस गॅलरीत त्याचीच मोठी प्रिंट समोर आली, तेव्हा मागच्या काळोखात गोणपाटाची वीण उमटलेली दिसली आणि तिच्या कडेला खिळ्यावर लहान मुलाचे बनियन टांगलेले दिसले. त्या बनियनमुळे छायाचित्राचा अर्थच बदलला. ते बनियन मोबाइलवरच्या प्रतिमेतही कुठेतरी असणारच, पण ते मला दिसले नव्हते, आणि छायाचित्रकाराला दाखवायचे होते ते तेच असावे असे मला आजही वाटते.

शिवाय प्रदर्शनात कोणत्या छायाचित्राशेजारी कोणते लावायचे, कोणते तळहाताएवढे ठेवून प्रेक्षकाला जवळ वाकायला लावायचे आणि कोणते भिंतभर मोठे करायचे, याचा विचार केलेला असतो. मोबाइलवर एकापाठोपाठ एक येणाऱ्या प्रतिमांचा क्रम छायाचित्रकाराच्या हाती नसतो. आपण स्वतः छायाचित्रे काढता, म्हणून हा फरक आपल्याला माझ्यापेक्षा अधिक जाणवेल, अशी माझी खात्री आहे.

चैनीविषयी थोडेच लिहितो. काळा घोडा भागातल्या जहांगीर कलादालनात प्रवेशशुल्क नाही. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडली, तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून काळा घोड्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत येता येते. आपल्या शहरातील शेकडो पासधारक नोकरीसाठी रोज हा प्रवास करतात. वर्षातून दोनदा तो प्रदर्शने पाहण्यासाठी करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि भिंतीवर जे असते ते नेहमी सुखवस्तू लोकांचेच असते, असेही नाही. २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपले. गटारात उतरलेल्या माणसाचे छायाचित्र स्वच्छ पांढऱ्या भिंतीवर समोर येते, तेव्हा त्यावरून बोट सरकवून पुढे जाता येत नाही, तिथे थांबावेच लागते.

मग मुंबईच का, हा आपला प्रश्न उरतो. पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी लुई दागेरचे छायाचित्रणाचे तंत्र जगासाठी खुले झाले आणि त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला नवसारीत जन्मल्या, पण शिकल्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. जहांगीर कलादालन १९५२ पासून उभे आहे, एनसीपीए या कलाकेंद्रातील पिरामल गॅलरी खास छायाचित्रणासाठी आहे आणि १९९९ पासून दर फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव भरतो. इतक्या वर्षांत तिथे टांगणारे, उजेडाची मांडणी करणारे, छापणारे आणि पाहणारे असे सगळेच तयार झाले. ही घडण एका दिवसात होत नाही आणि ती शेजारच्या शहरात असताना तिच्याकडे न पाहणे मला तोट्याचे वाटते.

या संदर्भात मला दादासाहेब फाळके आठवतात. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस जे. जे. मध्ये शिकला, बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकला, गोध्र्यात त्याने छायाचित्रांचा स्टुडिओ चालवला आणि मुंबईत पहिला चित्रपट केल्यावर आपला सारा संसार आणि चित्रनिर्मिती घेऊन नाशिकला परत आला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आपण रोज जाता-येता पाहतो. बाहेर जाऊन पाहणे आणि शिकणे हे नाशिकशी प्रतारणा केल्यासारखे आहे, असे त्यांच्या गावात तरी कोणी म्हणू नये.

आता आपल्या तिसऱ्या आक्षेपाकडे येतो. नाशिकमधील प्रदर्शनांची मी दखल घेतली नाही, हे खरे आहे आणि त्याबद्दल मला खेद वाटतो. येथील प्रदर्शने दोन-तीन दिवसांची असतात आणि त्यांची बातमी बहुतेक वेळा उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येते, हे कारण मी स्वतःला देत आलो; पण ज्याला लिहायचे आहे त्याने आयोजकांना आधी विचारायला हवे होते. यापुढे प्रत्येक महिन्याच्या लेखात नाशिकची प्रदर्शने आधी आणि मुंबईची नंतर असतील. मात्र त्यांविषयी लिहिताना मी केवळ कौतुक करणार नाही. शहरातल्या एका सभागृहात मी पाहिलेल्या प्रदर्शनात समोरच्या ट्यूबलाइट प्रत्येक चौकटीच्या काचेत उमटत होत्या, छायाचित्रे डोळ्यांच्या पातळीच्या हातभर वर टांगली होती आणि चारशेच्या आसपास प्रिंट एकमेकींना खेटून लावल्या होत्या. काढणाऱ्यांची मेहनत त्या गर्दीत दिसेनाशी झाली होती. चाळीसच निवडल्या असत्या आणि काचा काढल्या असत्या, तर तीच छायाचित्रे बोलली असती.

हे आत्ता आवर्जून लिहिण्याचे कारण सिंहस्थ आहे. २०१५ नंतरचा आपला कुंभमेळा २०२६-२७ मध्ये येत आहे आणि देशोदेशीचे छायाचित्रकार रामकुंडावर आणि त्र्यंबकच्या कुशावर्तावर येतील. भस्म लावलेले साधू आणि शाही मिरवणूक ते टिपतीलच आणि ती छायाचित्रे मुंबई-दिल्लीच्या भिंतींवर जातील. तपोवनातल्या साधुग्रामच्या जागेवर त्याआधी काय पिकत होते, पर्वणी संपल्यावर घाट कोण झाडते, पंचवटीतल्या वाड्यांमध्ये पाहुण्यांसाठी माजघर कसे रिकामे केले जाते, हे मात्र इथे राहणाऱ्या माणसालाच माहीत असते. ते काम आत्तापासून सुरू झाले आणि नीट निवडून, नीट छापून कुसुमाग्रज स्मारकासारख्या जागी लावले गेले, तर ते पाहायला मुंबईच्या माणसाने पंचवटी एक्स्प्रेस पकडावी, असे मला मनापासून वाटते. आपण आणि आपले सहकारी अशा तयारीत असाल, तर मी लिहिण्यापासून खिळे ठोकण्यापर्यंत कोणत्याही कामाला येईन.

एक दुरुस्तीही नोंदवतो. काळा घोड्याजवळची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट सोमवारी बंद असते, हे मूळ लेखात राहून गेले होते. ते आज जोडले आहे. जहांगीरमधील बहुतेक प्रदर्शने आठवडाभराची असल्यामुळे निघण्यापूर्वी कलादालनाला दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी, ही सूचनाही त्या लेखात घातली आहे.

आणि आपल्याला व्यक्तिशः एक विनंती आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या आपल्या छायाचित्रांतले आपल्याला सर्वांत आवडते एक निवडा आणि चकाकी नसलेल्या जाड कागदावर २० बाय १३ इंचांत छापून घ्या. घरातल्या भिंतीवर, खिडकीच्या समोर न येईल अशा जागी, डोळ्यांच्या पातळीवर लावा. प्रिंट तयार झाली की कळवा. मी सिडकोत पाहायला येईन.