हिशेब वर होतो, खजिनदारसाहेब

आपल्या चर्चच्या मंडळीच्या वार्षिक सभेत तुमची खजिनदार म्हणून बिनविरोध निवड झाली, त्याबद्दल अभिनंदन. बिनविरोध या शब्दानं फार हुरळून जाऊ नका. आधीच्या गृहस्थांनी पुन्हा उभं राहायला हात का जोडले, हे सभेत कुणी विचारलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. असो. पावतीपुस्तक, कपाटाच्या चाव्या आणि सहीचा अधिकार आता तुमच्या हाती आहे. कारभार सुरळीत चालावा अशी इच्छा असेल तर चार अनुभवाचे बोल ऐका.

सगळ्यात आधी दशमांशाचं गणित समजून घ्या. लोकांना ‘किती’ तोंडपाठ असलं पाहिजे आणि ‘कुणासाठी’ हे कधी सुचलंच नाही पाहिजे. दहावा हिस्सा हा आकडा देवाच्या कृपेनं इतका सोपा आहे की लहान मुलालाही करता येतो. अडचण आकड्यात नाहीच. तो ज्या शास्त्रात आहे त्याच शास्त्रात त्याचा पत्ताही लिहिलेला आहे आणि तो पत्ता तुमच्या कमिटीचा नाही, ही खरी अडचण.

म्हणून वचनं निवडून वाचावीत. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायातली आठ ते दहा ही वचनं म्हणजे आपल्या खात्याचा कणा. माणूस देवाला ठकवतो, कशात, तर दशमांशात. सगळा दशमांश भांडारात आणा आणि आकाशकपाटं उघडतात की नाही ते बघा. हे पाकिटावर छापा, पडद्यावर दाखवा, क्यूआर कोडच्या खाली बारीक अक्षरात घाला. फक्त नजर वर सरकून पाचव्या वचनावर जाणार नाही याची काळजी घ्या. मजुराची मजुरी दाबून ठेवणाऱ्यांवर, विधवा, अनाथ आणि परक्यावर जुलूम करणाऱ्यांवर देव स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहील, असं तिथं म्हटलं आहे. रखवालदाराचा पगार थकलेला असताना हे वाचणं बरं दिसत नाही. त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तर आंधळी, लंगडी जनावरं वेदीवर चढवणाऱ्या याजकांचीच खरडपट्टी काढली आहे. म्हणजे ठकवण्याचा विषय निघतो याजकांपासून. पण एवढं मागं कोण वाचतं?

बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय मात्र कुलपात ठेवा. तिथं काय लिहिलं आहे, ठाऊक आहे? धान्य, द्राक्षारस, तेल यांचा दशमांश देवानं निवडलेल्या ठिकाणी न्यायचा आणि तिथं देणाऱ्यानं स्वतः कुटुंबासह बसून खायचा! ठिकाण लांब असेल तर माल विकून चांदी करायची, ती गाठीला बांधून न्यायची आणि तिथं जीव मागेल ते घ्यायचं: गुरं, मेंढरं, द्राक्षारस, मद्यसुद्धा. आपल्या गावातल्या लेवीला, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या वंशातल्या माणसाला, विसरायचं नाही, एवढी अट. दर तिसऱ्या वर्षी मात्र सगळा दशमांश गावातच ठेवायचा, म्हणजे लेवी, परका, अनाथ आणि विधवा पोटभर जेवतील. हे एकदा विश्वासी लोकांना कळलं तर पुढच्या रविवारी पाकिटांऐवजी डबे येतील.

लेवीचं काय, असं विचारतील. त्यालाही उत्तर तयार ठेवा, कारण ‘गणना’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातला लेवी आपल्या कामाचा नाही. त्याला दशमांश मिळत होता, कारण त्याच्या वंशाला वतनाची जमीन नव्हती. शिवाय मिळालेल्यातला दहावा भाग त्यानं पुढे याजकाला द्यायचा होता. म्हणजे याजकाच्या पदरी शंभरात एक. पाळकसाहेबांच्या, म्हणजे आपल्या पास्टरांच्या, नावावर दोन भूखंड असतील तर हा अध्याय ‘नियमशास्त्र आता पूर्ण झालं’ या सदरात ढकलून द्या. दशमांश तेवढा नियमशास्त्राच्या आधीपासूनचा, अब्राहामानं मलकीसदेक या याजक-राजाला दिलेला, म्हणून तो कायम. अब्राहामानं तो लढाईतल्या लुटीतून एकदाच दिल्याचं लिहिलं आहे, दरमहा नाही. पण तपशिलात शिरणं हा अविश्वासाचा पहिला पाय.

कुणी चिकित्सक ‘लेवीय’ या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय घेऊन येईल. काठीखालून जनावरं सोडत जायची, दहावं जाईल ते परमेश्वराचं. मग ज्याच्याकडे नऊच मेंढरं आहेत त्याचं काय? त्याचं दहावं जातच नाही, सुटला बिचारा. ही सवलत आपल्या काळात परवडणारी नाही. आपल्याकडे नऊ मेंढरंवाल्याकडूनच सगळ्यात नियमित येतं, कारण संकटात तोच असतो आणि उघडणारी आकाशकपाटं त्यालाच हवी असतात. पगार कपातीच्या आधीचा धरायचा की नंतरचा, असं त्यानं विचारलं तर गोड हसून उलट विचारायचं, ‘तुम्हाला आशीर्वाद कपातीनंतरचा हवा का?’ हा जुना तोडगा आहे, कधी फसत नाही.

त्याच्या जोडीला दोन दमड्या टाकणारी विधवा. मार्कच्या बाराव्या अध्यायातली ही बाई अर्पणाच्या उपदेशासाठी अमोल. फक्त सुरुवात एक्केचाळिसाव्या वचनापासून करा. चाळिसाव्यात विधवांची घरं गिळून टाकणाऱ्या, ढोंगानं लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर येशू बरसतो आणि लगेच पुढे ती बाई आपली सगळी उपजीविका पेटीत टाकताना दिसते. दोन्ही एका दमात वाचलं की पेटीभोवती विचित्र शांतता पसरते. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देणाऱ्यांचं वचनही असंच अर्ध्यावर थांबवायचं. पुढं न्याय, दया आणि विश्वास येतात.

आता खर्चाकडे वळू, कारण तुमचं खरं कसब तिथं लागणार. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलासियस पहिले यांनी मंडळीच्या उत्पन्नाचे चार वाटे सांगितले होते: बिशप, बाकीचे धर्मगुरू, गरीब आणि इमारत. पद्धत छान, पण चारही वाटे ताळेबंदात वेगवेगळे दिसतात आणि गरिबांचा वाटा शोधणं सोपं जातं. त्यापेक्षा ‘सेवाकार्य’ हे एकच सदर उघडा. त्यात सगळं बसतं: पाळकसाहेबांच्या गाडीचं इंधन, त्यांच्या चिरंजीवांचं परदेशातलं बायबल कॉलेज, परिषदेचं हॉटेल आणि अधूनमधून एखादं ब्लँकेट. ब्लँकेट वाटतानाचे फोटो भरपूर काढून ठेवा, वर्षभर पुरतात. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, ही डोंगरावरची शिकवण तर दोन बँक खात्यांसाठीच दिली असावी असं माझं नम्र मत आहे.

सगळ्यांत भरवशाचं सदर म्हणजे इमारत निधी. इमारत कधी पुरी होऊ द्यायची नाही. रोममध्ये संत पेत्राचं बॅसिलिका उभारायला पोप दहावे लिओ यांनी पापक्षमापत्रं विकायला परवानगी दिली, आणि १५१७ साली एका जर्मन भिक्षूनं पंचाण्णव मुद्दे लिहून त्यातल्या शहाऐंशीव्यात विचारलं, इतका श्रीमंत पोप गरिबांच्या पैशाऐवजी स्वतःच्या पैशानं एक चर्च का बांधत नाही? एवढ्याशा प्रश्नावरून युरोप दुभंगला. बॅसिलिका मात्र पुरी झाली, हे लक्षात घ्या. अगदी अलीकडे जर्मनीतल्या लिम्बुर्गच्या बिशपांनी आपलं निवासस्थान आणि परिसर सजवायला सुमारे ३ कोटी १० लाख युरो लावले. बिचाऱ्यांना २०१४ मध्ये पद सोडावं लागलं. चूक त्यांची एकच, त्यांच्या न्हाणीघरातल्या टबाची किंमत बाहेर फुटली. टबाचं बिल नेहमी ‘प्लंबिंग’मध्ये घालावं.

पाळकसाहेब पुढेमागे विमानाचं बोलतील. हसू नका. अमेरिकेत २०१५ मध्ये क्रेफ्लो डॉलर या उपदेशकांनी सुमारे साडेसहा कोटी डॉलरच्या जेटसाठी आवाहन केलं होतं. दोन लाख लोकांनी प्रत्येकी किमान तीनशे डॉलर द्यावेत, असा हिशेब. आडनावही किती समर्पक! २०१८ मध्ये जेसी ड्युप्लँटिस यांनी ५ कोटी ४० लाख डॉलरचं विमान मागितलं, तेही आधीची तीन असताना, आणि येशू आज असता तर गाढवावर बसला नसता असं सांगितलं. प्रभू नेमका कुठल्या कंपनीचं विमान घेता, हे त्यांना कळलं होतं. आपल्याला अजून कळायचं आहे. तोवर गाडीवर भागवा.

आणि पैसे उरले तर? ही वेळ आपल्यावर येईल असं नाही, पण आली तर उरल्याचं सांगू मात्र नका. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चमध्ये दशमांश काटेकोर असतो. त्यांची गुंतवणूक सांभाळणाऱ्या संस्थेनं १३ नामधारी कंपन्यांच्या आडून शेअर्सचा हिशेब दाखवला. रक्कम २०१८ पर्यंत सुमारे ३२ अब्ज डॉलरवर गेली होती, आणि एवढी पुंजी लोकांना दिसली तर परिणाम बरे होणार नाहीत, अशी चर्चला धास्ती होती, असं अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं २०२३ मध्ये नोंदवलं. संस्था आणि चर्च, दोघांना मिळून ५० लाख डॉलर दंड झाला. अब्जांपुढे पन्नास लाख म्हणजे काय? अर्पणाची पिशवी एकदा झटकली की वसूल.

प्रश्न विचारणारा सभासद प्रत्येक मंडळीत एखादा असतोच. बहुधा निवृत्त शिक्षक किंवा बँकेतला. त्याच्या हातात वही असते. त्याला प्रथम ‘भाऊ, तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ असं सांगा. ऐकलं नाही तर ‘कडूपणाचा आत्मा’ हे निदान जाहीर करा. तरीही उठून उभा राहिला तर ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे स्तोत्रातलं वचन काढा. ते मुळात भूमिहीन भटकणाऱ्या पूर्वजांना राजांनी छळू नये म्हणून आहे, पण म्हणून काय झालं. हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोची गोष्ट शेवटचं अस्त्र म्हणून राखून ठेवा. पैसे लपवले म्हणून दोघं जागीच कोसळली. लपवणारे देणाऱ्यांपैकी होते हे खरं, पण भीती कुणीकडेही वळवता येते.

एक इशारा देतो. काही मंडळ्यांचा सहवास टाळा. तिथं दर तिमाहीला जमा-खर्च फलकावर लागतो, पाळकाचा पगार सगळ्यांना माहीत असतो (आणि बहुतेक वेळा लाज वाटावी इतका कमी असतो, कामकऱ्याला मजुरी मिळावी हे येशूच सांगून गेला, तेव्हा तो वाढवा म्हणून भांडायला माझी हरकत नाही). अर्पणाची मोजणी नात्यात नसलेली दोन माणसं करतात, ऑडिटर बाहेरचा असतो, आणि कुणाच्या घरात आजारपण आलं तर त्याच्याकडून दशमांश घेण्याऐवजी मंडळीच त्याच्या दारात पाकीट ठेवते. अशा ठिकाणी खजिनदाराला वजन काय राहणार? साधा हिशेबनीस होतो तो.

प्रेषित पौल हा असाच एक वेंधळा. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी स्वतः नेता आली असती, पण हा म्हणतो, तुम्ही पसंत केलेली माणसं बरोबर द्या. एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत आमच्यावर कुणी बोट ठेवू नये, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनंही जे बरं तेच करायचं आहे. बाकी वेळ तंबू शिवून पोट भरायचा. अशा माणसाच्या पत्रांतून फक्त ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ एवढंच उचला. त्याच वचनात ‘दुःखी मनाने किंवा भाग पडले म्हणून नको’ असं आहे, ते पाकिटावर मावत नाही.

नहेम्याचा तेरावा अध्याय वाचायचा असेल तर घरी, दार लावून वाचा. राज्यपाल नहेम्या बाहेरगावी गेलेला असताना एल्याशीब याजकानं भांडाराची मोठी खोली आपल्या नातलगाला, तोबीयाला, राहायला दिली. ज्या खोलीत दशमांश ठेवायचा, तिथं त्याचं सामान. लेवींना वाटा मिळेना म्हणून ते शेतावर कामाला निघून गेले. नहेम्या परत आला, त्यानं तोबीयाचं सगळं सामान बाहेर फेकलं, खोल्या शुद्ध करवून घेतल्या आणि मग भांडारावर विश्वासू म्हणून ओळखली जाणारी माणसं नेमली. म्हणजे तुमच्या पदाचा उगम बघा कुठून आहे! कुणाच्या तरी सामानाच्या ढिगाऱ्यातून.

राहता राहिली सही. सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चमध्ये इमारत निधीतली रक्कम बनावट रोख्यांतून पास्टरांच्या पत्नीच्या पॉप गायनाकडे वळली. सुवार्ता पसरवण्याचाच तो मार्ग, असं सांगितलं जात होतं. सुमारे ५ कोटी सिंगापूर डॉलरच्या गैरव्यवहारात २०१५ मध्ये सहा जण दोषी ठरले. त्यात ‘काँग ही’ नावाचे ते पास्टर होतेच, पण चर्चचा पैसाअडका सांभाळणारेही होते, आणि तेही तुरुंगात गेले. रोख्यांच्या कागदांवर कुणाकुणाची नावं होती, हे न्यायालयानं फार बारकाईनं पाहिलं म्हणतात. तेव्हा उद्या पाळकसाहेब कोरा धनादेश पुढं करतील, ‘घाई आहे, विमान पकडायचंय’ म्हणतील. तुम्ही खिशातून पेन काढा. त्यांचं बहुतेक गाडीत राहिलेलं असतं.