बीटलचा हीटर भंगारात टाकण्याआधी

जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या हौशी मंडळींत एक सल्ला सारखा फिरत असतो. परवा पुण्याच्या मित्राने तोच मला मराठीतून पाठवला. मथितार्थ असा: बीटलच्या इंजिनाला पाणीच नाही, ते हवेवर थंड होतं, त्यामुळे इतर गाड्यांसारखं हीटरला गरम पाणी मिळत नाही आणि तिचा हीटर कधी धड चालत नाही. शिवाय त्यातून एक्झॉस्टचा विषारी धूर आत येतो. तेव्हा हीट एक्सचेंजर काढा, साधे पाइप बसवा, ताकद वाढेल. थर्मोस्टॅटही काढा. थंडी वाजलीच तर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा हीटर आणा.

मी जर्मनीत राहतो आणि माझी 1969 ची बीटल जानेवारीतही चालवतो. त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही.

पहिला मुद्दा, हीटर चालत नाही. चालत नाही तो पन्नास वर्षं गंजलेला हीटर. बीटलमध्ये डायनॅमोच्याच दांड्यावर पंखा असतो. तो सिलिंडरवर हवा फेकतो आणि त्यातली थोडी हवा दोन जाड नळ्यांतून खाली एक्सचेंजरमध्ये जाते. एक्सचेंजर म्हणजे मधून एक्झॉस्टचा पाइप, त्याभोवती धातूच्या पात्या आणि वरून पत्र्याचं आवरण. तिथे तापलेली हवा झडपेतून निघून दारांखालच्या पोकळ उंबऱ्यांतून पुढे पायांपाशी आणि समोरच्या काचेपर्यंत येते. पाणी तापायची वाट बघायची नाही. एक्झॉस्ट तापला की हवा तापली.

आता माझ्या गाडीची गोष्ट. घेतली तेव्हा हँडब्रेकशेजारचा हीटरचा दांडा ओढला तर तो नुसताच वर आला, खाली केबल तुटलेली. एका बाजूची झडप गंजून बंद. एक्सचेंजर आणि बॉडी यांच्यामधल्या नळीचा हात लावताच भुगा झाला. उंबऱ्याला खालून स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तर तो चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा आत गेला. एवढं सगळं फुटलेलं असताना गरम हवा पायांपर्यंत यावी कशी? आधीच्या मालकाने मात्र दोष दिला तो इंजिनीअरांना. नाचता येईना, अंगण वाकडं.

हे उंबरे नुसते हवेचे बोगदे नाहीत. बॉडी खालच्या फ्लोअरपॅनला, म्हणजे गाडीच्या तळाला, बोल्टने जोडली जाते ती त्यांच्यातूनच. गंजावर पत्र्याचं ठिगळ मारून वर रंग फासणारे गाडीचा कणाच पोकळ ठेवतात. माझ्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा गेला तो इथे. नव्या केबली, झडपा, नळ्या ही त्यामानाने एका शनिवारची कामं.

एक कबुली देतो. सिग्नलला उभं राहिलं की हवा मंदावते, कारण पंखा इंजिनाच्या वेगावर चालतो. हा दोष मूळचाच. पण हमरस्त्यावर लागलो की दहा-पंधरा मिनिटांत दांडा अर्धा खाली करावा लागतो.

विषारी धुराचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक्सचेंजरच्या आतल्या पाइपाला भोक पडलं तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत येतो, आणि त्याला वास नसतो. पण म्हणून सगळेच एक्सचेंजर वाईट? खाली उतरवा, पाइपाची एक सोडून बाकी तोंडं बंद करा, उरलेल्या तोंडातून हलका हवेचा दाब द्या आणि साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर तो गेला, त्याला वेल्डिंग करत बसू नका. गाडीत मोनॉक्साइडचा अलार्मही ठेवा. लोक ज्या वासाला घाबरतात तो बहुधा जळक्या तेलाचा असतो. 1963 च्या मॉडेलपर्यंत सिलिंडरवरून आलेलीच हवा आत यायची, ही बदनामी तिथली. नंतर ताजी हवा वेगळी घेतली जाऊ लागली. तरी पंखा हवा ओढतो ती इंजिनाच्या कप्प्यातून, म्हणून कप्प्याभोवतीचं रबर फाटलं असेल तर खालचा धूर वर येतो. शंभरातले नव्वद लोक हे रबर बघतच नाहीत.

ताकदीचं म्हणाल तर रेसच्या गाडीला साधे पाइप ठीक. चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या मूळ इंजिनाला त्याने काय फरक पडणार? उलट पंख्याच्या घरावरची त्या दोन जाड नळ्यांची तोंडं बुजवायची राहिली तर सिलिंडरची हवा तिथून वाया जाते.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गार असताना पंख्याची हवा अडवणाऱ्या झडपा हलवणारा भाता. तो काढला की इंजिन उशिरा तापतं, आणि अर्थात हीटरही. तो बिघडून इंजिन जळेल ही भीती नको: त्याचा भाता फुटला तर तो लांबतो आणि झडपा उघड्याच राहतात. त्यावर 65–70 अंश कोरलेलं असतं. गरम पाण्यात टाकून बघा, लांबला आणि निवल्यावर आखडला तर ठणठणीत.

सॉकेटवरचा हीटर समजा 150 वॉटचा. म्हणजे 12 व्होल्टवर साडेबारा अँपिअर. माझा डायनॅमो देतो 30, त्यातच हेडलाइट, वायपर आणि बॅटरीही. 6 व्होल्टच्या जुन्या बीटलला तर तो लावताच येणार नाही. घरातला साधा रूम हीटर 2000 वॉटचा असतो, यावरून काय ते समजा.

पुण्यात हीटर हवाच कशाला, असं मित्र म्हणाला. जुलैत खंडाळ्याच्या घाटात आतून वाफ धरलेली काच फडक्याने पुसत गाडी चालवली आहे का, असं विचारलं. काच साफ होते ती याच गरम हवेने.

नवे स्वस्त एक्सचेंजर घेऊ का, असंही त्याने विचारलं. बरेचसे आत पोकळ असतात, पात्या नावापुरत्या; हातात घेतलं तरी वजनातला फरक कळतो. त्याचे मूळचे अजून गॅरेजमध्ये पडलेत, काल फोटो आला. डावा बरा दिसतोय. उजव्याला साबणाचं पाणी लावून सांग म्हटलंय.