'एसीत बसून लिहायला काय जातं' म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. बाळाला पातळ पाणी नको, घट्ट अन्न भरवा असं सांगणाऱ्या माझ्या 'वरणाचं पाणी म्हणजे जेवण नव्हे' या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया वाचली, उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं, पण दोन दिवस डोक्यातून जाईना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की बाळाला नीट न भरवण्याचं सगळं खापर मी आईच्या अडाणीपणावर फोडलं, ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या पोराला दिवसभर कोण भरवणार, अंडी-तूप कुठल्या पैशांनी आणणार, हे मला दिसलंच नाही, आणि वर "ताई, एसीत बसून लिहायला काय जातं?"

आधी माझी चूक. वरचं अन्न सहा महिने पूर्ण झाले की सुरू करायचं, तिथे एका ठिकाणी 'आठवा महिना' पडलं होतं, उष्टावणाच्या मुहूर्ताबद्दल लिहिताना घोळ झाला. दुरुस्त केलंय, धन्यवाद.

आता एसी. अहो, आमच्याकडे एसी नाहीये, हॉलमधला पंखा पाचवर ठेवला तरच फिरतो. आणि ताई म्हणायचं आणि त्याच दमात चपराक द्यायची ही कुठली पद्धत? माझी मुलगी 2012 ची. तेव्हा बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवडेच होती, 26 झाली ती 2017 साली. म्हणजे तिसरा महिना संपताच मी कामावर, बाथरूममध्ये उभ्याने दूध काढायचे आणि बाटली ऑफिसच्या फ्रीजमध्ये कुणाच्या तरी ताकाशेजारी. सहा महिने झाल्यावर घरी सासूबाई डाळीवरची निवळ वाटीत घेऊन भरवायच्या, "पचायला हलकं असतं गं". एका रविवारी मी त्यांच्यासमोर चमचा तिरका केला, पाणी भस्सकन ओघळलं. मग मऊ भात-वरण कुस्करून, तूप घालून तोच चमचा परत तिरका केला, घास चिकटून राहिला. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत! तिसऱ्या दिवसापासून मात्र घट्ट भरवायला लागल्या, तेही दिवसातून तीनदा, मी ऑफिसात असताना. तेव्हा भरवणं म्हणजे काय ते मला नका शिकवू.

ऊसतोडीचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे, एका पोस्टमध्ये सगळं जग मावत नाही. ती 26 आठवड्यांची रजा त्या बायकांच्या वाट्याला येत नाही हे मलाही कळतं. अंगणवाडीतून टीएचआर, म्हणजे मुलांसाठी घरी न्यायचा आहार, मिळतोच की. गाव सोडून कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तात्पुरत्या झोपडीवर, गेल्यावर तो कसा मिळायचा असं विचाराल, तर ते सरकारला विचारा, मला कशाला?

आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 6 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशभरात जेमतेम 11 टक्के निघाली. उरलेली सगळी काय कोपीवरची आहेत? चहात बिस्कीट बुडवून भरवणारे आमच्या सोसायटीतही आहेत, चांगले टू-बीएचकेवाले.

अंड्याच्या भावावर वाद घालत नाही, तुमचं खरं असेल. प्रतिक्रिया डिलीट करणार नाहीये, राहू दे. पुढच्या वेळी नुसतं नाव घेऊन बोललात तरी चालेल, ताई नको.